पेगीनं मागितलेलं नाव

अमेरिकेत माणसाला नाव विचारतात आणि तेवढ्यावर थांबत नाहीत, त्याचा अर्थही विचारतात. आपल्याकडे हा चोंबडेपणा कुणी करत नाही, कारण गरजच पडत नाही. नाव कानावर पडलं की अर्थ कळलेला असतो, आणि कळून अवघड वाटलं तर माणसं फार तर दुसरीकडे बघतात. दहिवडीच्या नकुसाला जन्मात कुणी नावाचा अर्थ विचारला नव्हता. तो प्रश्न तिच्या वाट्याला आला पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावी, एका चर्चच्या तळघरात, १९८४च्या हिवाळ्यात.

विद्यापीठात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या बायकांसाठी तिथे इंग्रजीचा फुकट वर्ग चालायचा. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या या बायका. नोकरी करायची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, दिवसभर खिडकीतून बर्फ बघायचा. नकुसाचा नवरा संजीव जगदाळे हा कराडचा, धातुशास्त्रात पीएच.डी. करत होता. सकाळी लॅबमध्ये गेला की रात्रीच उगवायचा. बायको घरात कोमेजायला लागली तेव्हा त्यानं तिला कॅम्पसच्या बसमध्ये बसवून वर्गाला पाठवून दिलं.

शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोल बसवलं आणि खेळ काढला. एकेकीनं उठायचं, नाव सांगायचं आणि अर्थ सांगायचा. जपानी बाई म्हणाली, वसंतात जन्मलेली. कोलंबियाची म्हणाली, चांदणी. कोरियाच्या बाईनं दोन अर्थ सांगितले आणि त्यातला कुठला खरा ते आपल्यालाही ठाऊक नाही म्हणून स्वतःच हसली. नकुसाची पाळी जवळ येत चालली. इंग्रजी अगदीच येत नव्हतं असं नाही, साताऱ्याला बी.ए. केलं होतं तिनं. वाक्य मनात जुळवून तयार होतं. नॉट वाँटेड, दोनच शब्द. ती उठून उभी राहिली, सगळ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि पहिला शब्द काही तोंडातून बाहेर आला नाही.

"वाँटेड," ती म्हणाली.

खोटं बोलायचं असं काही तिनं ठरवलं नव्हतं. एक शब्द गिळला गेला एवढंच. पण शिकवणाऱ्या बाईंनी तो सोडला नाही. वाँटेड म्हणजे हवी असलेली, आईबापांनी देवाकडे मागून घेतलेली, असं का, त्यांनी विचारलं. नकुसानं मान हलवली. बाई म्हणाल्या, आजच्या सगळ्या नावांत हे सुंदर. कोपऱ्यात चहाचे कप मांडणारी एक ठेंगणी, लाल केसांची बाई हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघत राहिली. ती पेगी. चर्चमध्ये मदतीला यायची आणि, नंतर कळलं, राहायलाही नकुसाच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर होती.

आता हे नाव आलं कुठून ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नकुसाचे वडील एसटीत कंडक्टर. घरात चार मुली, ही पाचवी. माण तालुक्यात तेव्हा रीत होती, मुलीवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव नकुसा ठेवायचं. आता मुलगी नको, हे देवाला असं रोज हाका मारमारून ऐकवायचं, म्हणजे तो समजतो आणि पुढच्या खेपेला मुलगा धाडतो. एकेका वर्गात दोन-तीन नकुसा असायच्या, मास्तर त्यांना आडनावानं वेगळं करायचे. आणि खरी पंचाईत अशी की हिच्या बाबतीत नाव लागू पडलं. ती चालायला लागते न लागते तोच पाठचा भाऊ प्रताप झाला. पेढे घ्यायला आलेल्या बायकांनी पोरीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. गुणाची गं बाय, भाऊ आणलास, म्हणाल्या. तिचा तेव्हा केवढा मान होता.

कुणी छळलं म्हणावं तर तसंही नाही. जेवायला सगळ्यांसारखं, शाळेत सगळ्यांसारखं, उलट थोडी लाडकीच. आईचा तर तिच्यावर फार जीव. फक्त आई तिला नावानं हाक मारायची नाही. 'ए पोरी' म्हणायची. नाव ठेवताना गप्प बसली होती, पण पुढे ते उच्चारायला तिची जीभ उचलत नव्हती.

वर्गात आणखी एक नकुसा होती, हडकुळी, कायम शेंबूड ओढणारी. चौथीत असताना ती तापानं गेली. तिची आई अंगणात जमिनीवर डोकं आपटत होती आणि एकच म्हणत होती, "मी तसं म्हटलं नव्हतं रं देवा, मी तसं म्हटलं नव्हतं." नकुसा कुंपणाशी उभी राहून बघत होती. नाव नुसतं हाक मारायला नसतं, ते काम करतं, आणि एकदा करायला लागलं की कुणाचं ऐकत नाही, हे तिला त्या दिवशी जे कळलं ते कळलं. पुढे बी.ए. झाली, अमेरिकेला गेली, तरी ते काही पुसलं गेलं नाही.

संजीव लग्न करायला सुट्टी काढून आला, मुलगी बघितली, पसंत पडली. सासूबाई म्हणाल्या, सगळं छान आहे, नाव तेवढं बदलून टाकू. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि संजीवनं अंगठीनं 'रुपाली' लिहिलं. नकुसाला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. पण पासपोर्टला शाळेचा दाखला लागतो, आणि दाखल्यावर जुनंच नाव. ते बदलायचं तर गॅझेटमध्ये छापून आणावं लागतं, त्याला वेळ होता कुणाला. तेव्हा रुपाली त्या ताटातच राहिली आणि विमानात नकुसा बसली.

स्टेट कॉलेजमध्ये मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्यात शोभाकाकू सगळ्यात वडीलधाऱ्या. त्यांचे यजमान प्रोफेसर, घर मोठं, सणावाराला सगळे तिथे जमायचे. त्या घरात ती रुपाली. दवाखान्यात, बँकेत, चर्चच्या वर्गात नकुसा. संजीवनं तसं बजावूनच ठेवलं होतं. "आपल्या लोकांत रुपाली. बाहेर काय वाटेल ते चालेल, गोऱ्यांना काय कळतंय?" दोन नावांच्या मध्ये ती जपून पाऊल टाकत वावरायची.

आणि मग पेगीनं तिला हाक मारायला सुरुवात केली.

इमारतीच्या तळघरात कपडे धुवायची यंत्रं होती. पेगी जिन्याखाली कपड्यांची टोपली घेऊन उभी राहायची आणि वर तोंड करून ओरडायची, "नकूऽसा, कपडे आहेत का?" मधलं अक्षर असं लांबवायची की एखाद्याला झोक्यावर बसवून झोका द्यावा. नकुसानं जन्मभर ते नाव ऐकलं होतं, पण त्यात हवेपणा कधी ऐकला नव्हता. ती हातातली पोळी तव्यावर टाकून धावत खाली जायची. पेगी शाळेच्या कँटीनमध्ये काम करायची, तिचा नवरा वॉल्ट रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा. दोघंही साधी माणसं. पेगीनं तिला दुकानात कूपन कसं द्यायचं ते शिकवलं, बर्फावर न घसरता चालायला शिकवलं. नकुसानं तिला पोहे खाऊ घातले. यंत्र गरगरत असताना दोघी बाकावर बसून गप्पा मारायच्या. एकदा चादरीची घडी घालता घालता पेगीनं सांगितलं की तिची तीन मुलं पोटातच गेली. तिसऱ्या वेळेस डॉक्टर म्हणाले, आता आशा धरू नका. पेगी तेव्हा पस्तिशी ओलांडून गेलेली होती.

त्या दिवसांत नकुसाला स्वतःचं नाव आवडायला लागलं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखंही नव्हतं.

हिवाळा सरता सरता पेगीला पुन्हा दिवस गेले. वय बघून डॉक्टरांनी पोटातलं पाणी काढून तपासलं. सगळं ठीक होतं, आणि मुलगी होती. पेगीनं ही बातमी नकुसाला तळघरातच दिली, दोन्ही हात धरून.

"तिचं नाव ठरलंय. नकुसा."

नकुसाला वाटलं, आपलं ऐकण्यात चुकलं.

"तू वर्गात अर्थ सांगितलास ना, त्याच दिवशी घरी जाऊन मी वॉल्टला म्हटलं, कधी मुलगी झालीच तर हेच. किती वर्षं मागतोय आम्ही तिला. हिच्याइतकं हे नाव आणखी कुणाला शोभेल?"

"नो, पेगी. नो, नो."

पेगीला तो संकोच वाटला. "तुमच्यात मैत्रिणीचं नाव ठेवत नाहीत का?"

नकुसाच्या हाताला एवढंच लागलं. "जन्माच्या आधी ठेवत नाहीत. बाराव्या दिवशी ठेवतात. तोवर घ्यायचं नसतं नाव."

"मग तोवर मी तिला काय म्हणू?" पेगी हसली आणि पोटावर हात ठेवून तिनं हाक मारली, तशीच, मधलं अक्षर लांबवत. नकुसाच्या अंगावर काटा आला.

संध्याकाळी संजीव जेवत असताना तिनं सगळं सांगितलं. तो आधी खो-खो हसला. मग हसू ओसरलं तसा गंभीर झाला.

"हे बघ, तू काही सांगायला जाऊ नकोस. तिच्यासाठी तो एक साउंड आहे फक्त. इथे लोक काय वाट्टेल ते नाव ठेवतात."

"अहो, पण मी तिला खोटं सांगितलंय."

"मग आता खरं सांगून काय करणार? माझ्या सासऱ्यांनी मुलीचं नाव काय ठेवलं होतं ते ऑल ओव्हर स्टेट कॉलेज होईल. शोभाकाकूंकडे मी तोंड कसं दाखवू? ड्रॉप इट, यार."

"बाळाला काही झालं तर?"

"नावानं?" त्यानं तिच्याकडे असं बघितलं की तिनं पुढे बोलणं सोडून दिलं. ताट उचललं आणि भांडी घासायला लागली.

तिनं आपल्या परीनं खूप धडपड केली. पेगीला दुसरी नावं सुचवली. दीपा, रेखा, नंदा. उच्चारायला सोपी, अर्थानं चांगली. दिवा, रेघ, आनंद, सगळं समजावून सांगितलं. पेगी एकेक नाव तोंडात घोळवायची, छान आहे म्हणायची आणि शेवटी म्हणायची, "पण ही नकुसा आहे." ओट्यावरच्या कपाटात नकुसानं सिद्धनाथाचा फोटो ठेवला होता. रोज सकाळी उदबत्ती लावून ती त्याला एकच विनवायची. पेगी म्हणते त्याचा अर्थ हवी असाच धर बाबा, आमच्यातला धरू नकोस. पण देव गावाकडचा होता, त्याला मराठी येत होतं. तिचा जीव काही भांड्यात पडत नव्हता. झोप उडाली, अन्न जाईना. पेगीची हाक खालून आली की पूर्वी धावत सुटणारे पाय आता जिन्यावर जड पडायला लागले. सांगावं तर पेगी तुटणार, आणि न सांगावं तर ते मूल रोज 'नको' ऐकत वाढणार. ती दोन्ही बाजूंनी अडकली होती आणि दिवस पुढे जात होते.

मग पेगीच्या मैत्रिणींनी तिचं कौतुक करायचं ठरवलं. आपल्याकडे डोहाळजेवण करतात तसंच, फक्त ओटी भरायच्या ऐवजी बाळाचे कपडे आणि दुपटी द्यायची. जागा तीच, चर्चचं तळघर. टेबलावर भला मोठा केक होता आणि त्यावर गुलाबी साखरेनं ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, नकुसा. नकुसा दारातच थबकली. दहिवडीत तिचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत कुणी कुठे लिहिलं नव्हतं.

बायका ते नाव वाचत होत्या, एकमेकींना उच्चार विचारत होत्या, हसत होत्या. सगळं तळघर त्या नावानं भरून गेलं. पेगी खुर्चीत बसली होती, पोटावर हात, गालांवर लाली. तिनं नकुसाला जवळ ओढून उभं केलं. "ही खरी नकुसा. हिलाच सांगू दे अर्थ."

सगळ्या गप्प झाल्या. सांगायचं तर आत्ता, हे नकुसाला कळत होतं. तिनं पेगीकडे बघितलं. इतकं सुख कुणाच्या तोंडावर तिनं पाहिलं नव्हतं, आणि आपण त्यावर हात उगारायचा, हे तिला जमेना.

"जी सगळ्यांना हवी होती, ती," ती म्हणाली.

पहिल्या वेळी एक शब्द गिळला गेला होता. या वेळी ती पूर्ण शुद्धीत, शब्द जुळवून खोटं बोलली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मानाचा म्हणून केकचा पहिला तुकडा तिला दिला, नावाच्या पहिल्या अक्षराचा. तिनं खाल्ला. गोड होता.

त्यानंतर आठवडाही गेला नाही. पेगीला दिवस भरायच्या कितीतरी आधी कळा सुरू झाल्या. वॉल्टनं जिन्यावरून सांगितलं, मूल जिवंत आहे, पण फार लहान आहे, दोन तासांवरच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलंय, काही सांगता येत नाही म्हणतात. सांगताना त्याचा आवाज फुटत होता.

शनिवारी संजीव तिला जुन्या गाडीतून घेऊन निघाला. डोंगर, शेतं, गोठे मागे पडत होते.

"मी आज तिला सांगणार आहे," ती म्हणाली.

"अगं, वेड लागलंय का तुला? तिची कंडिशन काय, तू सांगणार काय. बाळ प्रीमॅच्युअर आहे, त्याला मेडिकल रीझन्स असतात. नावाचा काय संबंध?"

"तुमच्या आईनं तुम्हाला कधी नको म्हटलं नव्हतं."

हॉस्पिटल येईपर्यंत संजीव समोर बघून गाडी चालवत राहिला. वर येता का म्हणून तिनं विचारलं नाही आणि तोही म्हणाला नाही.

काचेच्या पेटीत ते मूल ठेवलं होतं. हातभरही नव्हतं. नाकात नळी, छातीला तारा, पाय आईच्या बोटाएवढे. पेटीला नावाचं कार्ड चिकटवलेलं. चाकाच्या खुर्चीत पेगी बसली होती, पेटीच्या भोकातून हात आत घातलेला, आणि त्या जिवाच्या तळहातावर एक बोट टेकवून ती एकसारखी हाक मारत होती. नकूऽसा. नकूऽसा. नर्सनं सांगितलं होतं, आईचा आवाज ऐकू येतो, हाक मारत राहा, तेवढंच तुमच्या हातात आहे. येता-जाता नर्सही वाकून म्हणायच्या, कम ऑन, नकुसा. पेगीचा आवाज बसला होता, ओठ सुकले होते, तरी तिचं थांबत नव्हतं. नकुसाला मात्र त्या खोलीत दुसरंच ऐकू येत होतं. नको, नको, नको. सगळे मिळून त्या एवढ्याशा जिवाला म्हणत होते. तिला दहिवडीचं ते अंगण दिसलं. डोकं आपटणारी ती बाई दिसली.

"पेगी," ती म्हणाली, "हाक मारायची थांब."

पेगीनं वर बघितलं.

"मी तुला एक शब्द सांगितला नाही. नावातला."

"कुठला शब्द?"

"नॉट."

पेगीला कळायला वेळ लागला. डोळ्यांवर झोप, अंगात औषधं. ती दोन शब्द जोडताना नकुसाला दिसत होती, आणि जोडले गेले तेही दिसलं. मग नकुसानं सगळं सांगितलं, तुटक्या इंग्रजीत, न थांबता. पाच मुली, नाव, भाऊ, पेढे, ती दुसरी नकुसा. सगळं सांगून झालं, पण हलकं काही वाटलं नाही.

पेगी ओरडली नाही. तिनं पेटीतला हात हळूच बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला.

"मी किती महिने हिला हे म्हणतेय," ती म्हणाली. "पोटात होती तेव्हापासून. तू ऐकत होतीस. तू का म्हणू दिलंस?"

याला उत्तर होतं आणि ते लाजिरवाणं होतं. "तुझ्या तोंडून चांगलं वाटत होतं," नकुसा म्हणाली. "मला पहिल्यांदाच चांगलं वाटत होतं."

पेगीनं तोंड फिरवलं. पेटीकडे वळून ती हाक मारायला गेली, ओठ उघडले, आणि शब्दच नाही. पुन्हा गेली, पुन्हा तेच. तिच्याजवळ मुलीला हाक मारायला काही उरलं नव्हतं. नर्स म्हणाली, थांबू नका, बोलत राहा. पेगी नुसतीच काचेकडे बघत बसली. आपण नाव काढून घेतलं, त्याबरोबर त्या पोरीला धरून ठेवणारा आवाजही काढून घेतला, हे नकुसाच्या ध्यानात आलं. सांगितलं तेही चूक आणि नव्हतं सांगितलं तेही चूक. कुठूनही गेलं तरी आपणच आड येतो.

मग तिच्या तोंडून आपोआप निघालं. ती पेटीशी वाकली आणि आपल्या आईच्या आवाजात म्हणाली, "ए पोरी."

पेगीनं विचारलं, "हे काय आहे?" आवाज कोरडा होता, विश्वास नसलेला.

"मुलगी. नुसती मुलगी. यात काही गाळलेलं नाही. माझी आई मला असंच म्हणते."

पेगीनं हात परत आत घातला, बोट त्या तळहातावर टेकवलं आणि बसलेल्या आवाजात म्हणाली, "पोऽरी." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली. वॉल्टनं आत येऊन काय झालं ते ऐकून घेतलं आणि पेटीवरचं कार्ड नखानं खरवडून काढलं. ते सबंध निघालं नाही, कडेचे तुकडे चिकटून राहिले. नकुसा कुणाला काही न बोलता खाली आली.

मूल जगलं. थंडी सुरू झाली तेव्हा पेगी तिला घरी घेऊन आली. नाव वॉल्टच्या आईचं ठेवलं, मार्था. पेगी मनात डूख धरणाऱ्यांतली नव्हती. काही दिवस ती जिन्यात भेटली की मान खाली घालून जायची, मग एक दिवस स्वतःच वर आली आणि मूल नकुसाच्या मांडीवर ठेवलं. दोघी रडल्या. चहा झाला. जाताना पेगी दारात थांबली.

"एक सांगते, रागावू नकोस. मी तुला आता ते म्हणू शकत नाही. तुझ्यावर माझं प्रेम आहे ना, म्हणूनच. जीभ उचलत नाही. संजीव म्हणाला, तुझं दुसरं एक नाव आहे."

"रुपाली," नकुसा म्हणाली.

"रूपॅली," पेगी म्हणाली. "हे तर किती छान आहे."

संजीवला बरं वाटलं. आता घरात, बाहेर, मराठी लोकांत, गोऱ्यांत सगळीकडे एकच नाव झालं. शोभाकाकूंना कधी काही कळलं नाही. पुढच्या वर्षी वकिलातीत अर्ज देऊन पासपोर्टही बदलून घेऊ, तो म्हणाला.

खालून हाक यायची, "रूपॅली, कपडे आहेत का?" आणि नकुसा पोळी लाटत राहायची. दुसरी हाक आली की मग तिच्या लक्षात यायचं की हे आपल्याला आहे. ती टोपली घेऊन खाली जायची, सावकाश.

एकदा तळघरात ती एकटीच होती. यंत्र गरगरत होतं, कुणी ऐकण्याचा प्रश्न नव्हता. तिनं दाराकडे बघून घेतलं आणि स्वतःच्या जुन्या नावानं पेगीसारखी हाक मारून पाहिली, मधलं अक्षर तसंच लांबवून. पुन्हा एकदा मारली, आणखी लांबवून. झोका काही जाईना. तिच्या तोंडून ते दहिवडीत म्हणायचे तसंच निघत होतं. यंत्र थांबलं तशी तिनं ओले कपडे काढले आणि एकेक झटकून टोपलीत टाकायला लागली.